क्वार्टरबॅक बदलले, मालक कधी बदलणार?

सोमवारी पहाटे एक्स्चेंजमधली रात्रपाळी संपवून बाहेर पडलो. बॅरेककडे चालता चालता मोबाईलवर स्कोअर पाहिला आणि जागीच थांबलो. सुभेदार साहेब पी.टी.साठी मैदानाकडे निघाले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय रे, घरी सगळं बरं आहे ना?"

"घरी बरं आहे साहेब. क्लीव्हलँडला बरं नाही."

साहेब कोल्हापूरचे. कुस्तीशिवाय दुसरा खेळ मानत नाहीत. "कोण आजारी आहे तिथं?" असं त्यांनी अगदी काळजीनं विचारलं.

तिथं एक अख्खा संघ आजारी आहे, साहेब, आणि तो १९९९ पासून आजारी आहे. त्या रात्री बाल्टिमोरनं आम्हाला २३-१६ हरवलं. 'आम्हाला' म्हणजे क्लीव्हलँड ब्राउन्सला. राजस्थानच्या वाळूत ड्यूटी करणारा सातारा जिल्ह्यातला एक हवालदार 'आम्ही' म्हणतो, याचं हसू येत असेल तर हसून घ्या. मग पुढचं वाचा, कारण आज मी चिडून लिहितोय.

हे दुखणं मला लागलं सप्टेंबर २०१९ मध्ये. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, जॉइंट बेस लुईस-मॅकॉर्डवर, 'युद्ध अभ्यास' होता. आपल्याकडून आसाम रेजिमेंट होती. त्यांच्या गाण्यावर अमेरिकन जवान नाचतानाचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. संपर्काच्या कामासाठी आम्ही मोजके जण सोबत होतो. माझ्या जोडीला जो अमेरिकन सार्जंट होता, तो ओहायोचा, क्लीव्हलँडजवळचा. त्या भागात सगळे सिएटलच्या संघाचे भक्त, आणि हा एकटा डोक्यावर नारिंगी टोपी घालून फिरायचा. रविवारी सकाळी त्यानं मला टीव्हीसमोर बसवलं.

हा फुटबॉल म्हणजे आपला मेस्सी-रोनाल्डोचा नव्हे. चेंडू लांबुळका, अंगावर चिलखत, आणि प्रत्येक चाल म्हणजे छोटा हल्ला. क्वार्टरबॅक म्हणजे आपल्या भाषेत सेक्शन कमांडर आणि रेडिओ ऑपरेटर एकाच माणसात. त्याच्या हेल्मेटमध्ये खरोखर रेडिओ असतो. कोच त्याच्या कानात चाल सांगतो, आणि चाल सुरू करायला पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचं त्याचं त्यानं बघायचं. मी सिग्नल्सचा माणूस, मला हे ऐकूनच खेळ आवडला. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं उभी असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांचं काम एकच, मागच्याला दोन-तीन सेकंद मिळवून देणं. ती पाच माणसं ढासळली की मागे कोणीही उभा असो, तो मातीत जातो.

त्या दिवशी ब्राउन्स घरच्या मैदानावर टेनेसीकडून ४३-१३ असे हरले. एका सामन्यात नियमभंगाचे अठरा दंड! मी सार्जंटकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, याची सवय होते. परतताना त्यानं ती नारिंगी टोपी मला दिली. भेट म्हणून दिली की पीडा टळावी म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. ब्राउन्स हरले की त्यांचे चाहते क्वार्टरबॅकला शिव्या घालतात. मीही घातल्या आहेत. पण सहा वर्षांनंतर माझं मत पक्कं झालंय की शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातायत.

१९९९ पासून या संघानं चाळीसहून अधिक क्वार्टरबॅक मैदानात उतरवले आहेत. तिथला एक चाहता म्हणे एकाच जर्सीवर सगळी नावं लिहीत गेला, जुनं खोडायचं आणि खाली नवं लिहायचं. आमच्या एखाद्या कंपनीनं सव्वीस वर्षांत चाळीस कमांडर बदलले आणि तरी कंपनी प्रत्येक वेळी तशीच पडली, तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी पहिला प्रश्न काय विचारेल? एकेचाळिसावा कसा आहे, हा? की यांना पाठवतो कोण, हा?

तिकडे दर एप्रिलला ड्राफ्ट होतो. कॉलेजातली पोरं संघ पाळीपाळीनं निवडतात आणि सगळ्यात वाईट संघाला पहिली पाळी मिळते. म्हणजे दुबळ्याला उठून उभं राहायला दिलेला हात. ब्राउन्सनी त्या हाताचं काय केलं? २००७ ला बाविसाव्या क्रमांकावर ब्रॅडी क्विन. २०१२ ला बाविसाव्याच क्रमांकावर ब्रँडन वीडन, ज्याचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं. २०१४ ला पुन्हा बाविसावाच, जॉनी मॅन्झेल. तिघेही गेले. २०१७ मध्ये डिशोन कायझर नावाचं कोवळं पोरगं मोडक्या संघापुढे उभं केलं आणि वर्षभर मार खाऊ दिला. सोळापैकी सोळा सामने हरले. त्यानं बावीस चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले, आणि हंगाम संपल्यावर त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

आपल्याकडे अकादमीतून नवा लेफ्टनंट येतो तेव्हा त्याच्या शेजारी वीस-पंचवीस वर्षं सर्व्हिस झालेला सुभेदार उभा असतो. साहेब चुकतात, सुभेदार हळूच सांभाळून घेतो, दोन वर्षांत साहेब तयार होतात. ब्राउन्स लेफ्टनंटला एकटा पाठवतात आणि तो पडला की म्हणतात, हा कामाचा नव्हता.

२०१८ मध्ये मात्र दैवानं दिलं. बेकर मेफिल्ड, ड्राफ्टमधला पहिला. उंचीनं बेताचा, तोंडानं फटकळ, पण जिगरबाज. पहिल्या तीन हंगामांत त्यानं चार मुख्य कोच पाहिले आणि तरीही ११ जानेवारी २०२१ ला, आपल्याकडे सोमवार उजाडत होता, पिट्सबर्गच्या मैदानावर ४८-३७ असा प्लेऑफ सामना जिंकून दिला. पहिल्या चौदा सेकंदांत गुण, पहिल्या भागात २८-०! कोच कोविडमुळे घरी बसलेला. ब्राउन्सचा त्याआधीचा प्लेऑफ विजय जानेवारी १९९५ चा होता. मी तेव्हा ईशान्येत होतो, नेटवर्क येऊनजाऊन होतं, आणि सार्जंटचा आलेला व्हॉइस मेसेज म्हणजे निव्वळ ओरडणं होतं. शेवटी शेवटी तो रडत होता असं मला वाटलं.

पुढच्या हंगामात मेफिल्डचा डावा खांदा फाटला. पट्टे बांधून तो खेळत राहिला, खेळ खालावला, संघ ८-९ वर संपला. जखमी जवान पोस्ट सोडत नाही, तेव्हा त्याला आपण काय देतो? ब्राउन्सनी त्याला बदली माणूस दिला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच.

मार्च २०२२. ह्यूस्टनचा डेशॉन वॉटसन. त्याच्यासाठी ड्राफ्टमधल्या तीन पहिल्या फेरीच्या पाळ्या दिल्या, वर आणखी काही. आणि करार पाच वर्षांचा, २३ कोटी डॉलर, पै न् पै हमीची. तेव्हाच्या दरानं साडेसतराशे कोटी रुपयांच्या घरात. खेळो, न खेळो, पैसे पक्के. गंमत बघा: २०१७ मध्ये याच ब्राउन्सच्या हातात बारावी पाळी होती. ती त्यांनी ह्यूस्टनला विकली, आणि ह्यूस्टननं त्याच पाळीवर वॉटसनला घेतलं. तेव्हा एका पाळीत घरात येत होता, त्याला पाच वर्षांनी तीन देऊन आणला.

पण माझा खरा राग पैशांवर नाही. मसाज करणाऱ्या वीसहून अधिक महिलांनी वॉटसनवर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केले होते. त्यानं आरोप नाकारले, टेक्सासच्या ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत, हेही सांगायला हवं. पण लीगनं स्वतःची चौकशी करून त्याला अकरा सामने बाहेर बसवलं आणि ५० लाख डॉलर दंड केला. आणि संघानं काय केलं? पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम दहा लाखांवर आणून ठेवला, म्हणजे निलंबनात पगार कापला तरी त्याच्या खिशाला फारसं लागू नये. वर्दीतल्या माणसाला विचारा याला काय म्हणतात. शिक्षा व्हायच्या आधीच कागद असे रंगवून ठेवणारा क्लार्क प्रत्येक युनिटनं एकदा तरी पाहिलेला असतो. फरक इतकाच, की आपला क्लार्क पकडला जातो.

सार्जंटला दोन मुली. त्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, दोनच ओळींचा. तो म्हणाला, टोपी तुझ्याकडेच असू दे, मला आता नको. तेव्हापासून त्यानं ब्राउन्सचा एकही सामना पाहिलेला नाही. बापाबरोबर, बापाच्या बापाबरोबर पाहिलेला संघ! १९९६ मध्ये जुन्या मालकानं अख्खा संघ उचलून बाल्टिमोरला नेला तेव्हाही या लोकांनी आशा सोडली नव्हती. नाव आणि रंग शहरातच ठेवून घेतले आणि १९९९ मध्ये नवा संघ उभा राहिला. एवढ्यावर जी निष्ठा तुटली नाही, ती एका सहीनं तुटली.

मैदानावरचा हिशेबही ऐका. पहिल्या तीन हंगामांत मिळून वॉटसननं एकोणीस सामने सुरू केले. मग खांदा, मग टाच. त्याच काळात ह्यूस्टननं आपल्या पाळीवर सी. जे. स्ट्राउड नावाचा क्वार्टरबॅक घेतला, आणि ब्राउन्सकडून आलेली एक पाळी इतरांबरोबर लावून विल अँडरसनसारखा बचावपटू मिळवला. जानेवारी २०२४ च्या प्लेऑफमध्ये समोर कोण आलं? ह्यूस्टन. ४५-१४. आपणच विकलेल्या बैलानं आपल्यालाच शर्यतीत मागे टाकावं तसं. आणि तो फटकळ मेफिल्ड? दोन संघ फिरून टँपा बेला गेला आणि २०२४ च्या हंगामात त्यानं ४१ टचडाउन फेकले.

मार्च २०२५ मध्ये मालकांनी कबूल केलं की तो सौदा चुकला. कबूल केलं, बस्स. चुकीची किंमत कोचनं, खेळाडूंनी आणि तिकीट काढणाऱ्यांनी भरायची.

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, एवढे कोट्यवधी घेतो तर क्वार्टरबॅकनं मारही खावा, शिव्याही खाव्यात. बरोबर आहे. चेंडू हातात धरून बसणाऱ्याची, वाईट निर्णय घेणाऱ्याची मी तरफदारी करत नाही. वॉटसनचा खेळही वाईटच होता. पण जो थॉमसचं नाव ऐका. २००७ ला तिसऱ्या क्रमांकावर आलेला, लाइनमध्ये डाव्या टोकाला उभा राहणारा. ड्राफ्टच्या दिवशी झगमगाटात न जाता तो वडिलांबरोबर तळ्यात मासे पकडायला गेला. अकरा हंगामांत सलग १०,३६३ चाली तो एकदाही मैदानाबाहेर गेला नाही. त्याच्या पाठीमागे वीस वेगवेगळे क्वार्टरबॅक उभे राहिले. वीस! एकही प्लेऑफ सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. वीस जणांत सगळेच नालायक होते आणि पुढचा संत्री तेवढा चोख होता, यावर तुमचा विश्वास बसतो? माझा नाही बसत.

आणि या वर्षी तेच. ड्राफ्टमध्ये एक सोडून दोन क्वार्टरबॅक घेतले, तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल, पाचव्या फेरीत शेड्यूर सँडर्स. सुरुवात चाळिशीच्या जो फ्लॅकोनं केली. चार सामन्यांनी त्याला बसवलं आणि लगेच आपल्याच विभागातल्या सिनसिनाटीला देऊन टाकलं. काही दिवसांत त्यानं तिथं पिट्सबर्गला हरवलं. मग गॅब्रिएल. बाल्टिमोरविरुद्ध त्याच्या डोक्याला मार बसला आणि सँडर्सला मध्येच आत ढकललं. मुख्य संघाबरोबर सरावच मिळाला नव्हता त्या पोराला! सोळा फेकींत चार पोचल्या. त्या पहाटे माझा चेहरा उतरला होता तो यासाठी. पुन्हा एक लेफ्टनंट, पुन्हा सुभेदाराशिवाय.

सुभेदार साहेबांना मी हे सगळं चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तालमीचा वस्ताद कोण आहे म्हणालास?" मी मालकांचं नाव सांगितलं. "मग पैलवान कशाला बदलतात?" एवढं बोलून त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि ते स्टोअरकडे गेले.

पुढच्या आठवड्यात, पूर्ण आठवड्याचा सराव मिळाल्यावर, त्याच सँडर्सनं लास व्हेगासला २४-१० जिंकून दिलं. क्लीव्हलँडच्या नवख्या क्वार्टरबॅकनं आपला पहिलाच सामना सुरू करून जिंकण्याची ही १९९५ नंतरची पहिली वेळ. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, बाहेर वाळूवर कडाक्याची थंडी. मी नारिंगी टोपीचा फोटो काढला आणि सार्जंटला पाठवला. खाली फक्त स्कोअर लिहिला.

दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही.