श्रम खेळाडूंचे, गल्ला मालकांचा

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत खेळणारेच अनेकदा स्वतःच्या कल्पनेने भर घालतात. नवी पात्रे, नव्या भूमी, नवे नियम, मूळ कंपनीने तशाच ठेवलेल्या चुकांची दुरुस्ती अशा सर्व फेरबदलांना ‘मॉड’ हे नाव रूढ झाले आहे. मॉड घडवणाऱ्यांनी आपल्या कामाचे पैसे घ्यावेत की ते सर्वांना विनामूल्य द्यावे, असा वाद गेली दहा वर्षे जगभर चालू आहे. वरवर पाहता हा सुखवस्तू तरुणांच्या करमणुकीतील क्षुल्लक तंटा वाटेल. परंतु सामायिक ठेव्यावर श्रम करून जो नवे काही घडवतो त्याच्या श्रमाचे मोल कोणी द्यावयाचे, आणि त्या ठेव्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न श्रमिक चळवळीला मुळीच परके नाहीत.

या वादाला तोंड फुटले ते एप्रिल २०१५ मध्ये. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्कायरिम’ या खेळाची मालक असलेल्या बेथेस्डा कंपनीच्या सहकार्याने २३ एप्रिल रोजी आपल्या ‘स्टीम’ या विक्रीमंचावर मॉड विकण्याची सोय केली. शंभर रुपयांची विक्री झाली तर ४५ रुपये बेथेस्डाला, ३० व्हॉल्व्हला आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याला २५, असा हा हिशेब होता. पूर्वी अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाच्या पदरात निदान निम्मे पीक पडत असे. येथे मालकांनी पाऊण पीक आपल्या कणगीत ओढले. लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि अवघ्या चार दिवसांत, २७ एप्रिलला, कंपन्यांना माघार घ्यावी लागली.

त्या चार दिवसांतील एक घटना विशेष बोलकी आहे. मासेमारीचा एक मॉड विक्रीला आला. तो दुसऱ्या एका कार्यकर्त्याने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या साधनावर अवलंबून होता, आणि त्या साधनाच्या कर्त्याची विक्रीला संमती नव्हती. तो मॉड विक्रीतून काढून घ्यावा लागला. जोवर देवघेव मोकळी होती, तोवर एकाचे काम दुसऱ्याच्या कामाला आधार देत होते. बाजाराने पाऊल टाकताच काल-परवाचे सहकारी एकमेकांच्या बांधाला बांध घालू लागले.

‘मॉड फुकटच असले पाहिजेत’ असे म्हणणाऱ्यांच्या भूमिकेत या मोकळ्या देवघेवीविषयीची सार्थ आस्था आहे. परंतु ते एक गोष्ट विसरतात. जे खेळणाऱ्याला फुकट मिळते ते कंपनीलाही फुकटच मिळते, आणि कंपनी मात्र त्याच्या बळावर आपला माल वर्षानुवर्षे विकत राहते. ‘हाफ-लाइफ’ या १९९८ मधील खेळावर दोन तरुणांनी हौसेने ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड उभारला. व्हॉल्व्हने तो विकत घेतला, २००० साली स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणला आणि त्या दोघांना नोकरीत घेतले. गंमत अशी की खुद्द ‘हाफ-लाइफ’ची यंत्रणाही दुसऱ्या कंपनीच्या ‘क्वेक’ या खेळाच्या यंत्रणेत फेरबदल करूनच तयार झाली होती. म्हणजे जो आज मालक म्हणून मिरवतो तोही कालचा फेरबदल करणाराच. अभ्यासक युलियान क्युक्लिख यांनी २००५ साली खेळ आणि श्रम या दोन शब्दांचा जोड करून या बिनमजुरीच्या कामाला नाव दिले, ते याच अनुभवातून.

मालकवर्गाची भूक येथेच थांबत नाही. ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळाच्या साधनांतून खेळणाऱ्यांनी ‘डोटा’ हा नवा प्रकार घडवला आणि त्यातून एक संपूर्ण उद्योग उभा राहिला. तो हातातून निसटल्याची खंत बाळगणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने जानेवारी २०२० मध्ये नवी अट घातली की, आपल्या खेळावर कोणीही जे काही घडवील ते आपल्याच मालकीचे राहील. पडीक माळ नांगरणाऱ्याने नांगर धरण्यापूर्वीच पिकावरचा हक्क लिहून द्यावा, अशी ही खोती आहे.

न्यायालयांनीही या बाबतीत मालकाचीच बाजू उचलून धरल्याचे दिसते. खेळणाऱ्यांनी ‘ड्यूक न्यूकेम’ या खेळासाठी फुकट वाटलेले तीनशे टप्पे गोळा करून एका व्यापाऱ्याने ते विकले. १९९८ साली अमेरिकेतील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला तो मूळ खेळाच्या मालकाच्या बाजूने. व्यापारी आणि मालक यांच्या या भांडणात, ज्यांनी ते तीनशे टप्पे घडवले त्यांचा हक्क कोणी विचारातच घेतला नाही.

आता ‘प्रत्येकाने आपल्या कामाचे पैसे घ्यावेत’ असे म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे रास्त आहे, परंतु मजुरी आणि खंड यांत ते फरक करीत नाहीत. हा फरक समजून घेण्यासाठी म्हैसूरच्या गोकुलम वस्तीकडे पाहावे. के. पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग योगामुळे ही वस्ती जगभर प्रसिद्ध झाली. परदेशी विद्यार्थी तेथे येतात, हजारो रुपये मासिक शुल्क भरतात, आणि घरमालक, खानावळवाले, रिक्षावाले यांचाही त्यावर चरितार्थ चालतो. परंतु ही विद्या कोणा एकाची नव्हे. म्हैसूरच्या राजाश्रयाने १९३३ पासून जगनमोहन राजवाड्यातील योगशाळेत टी. कृष्णम्माचार्य शिकवीत होते. जुन्या परंपरेत त्यांनी फेरबदल केले, आणि त्यांच्या शिष्यांनी त्यांत पुन्हा भर घातली. जोइस म्हैसुरात राहिले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले आणि दोर, पट्टे, ठोकळे यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःची पद्धत घडवली.

शिक्षकाने शिकवण्याचे शुल्क घ्यावे, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. ती त्याच्या श्रमाची मजुरी आहे. परंतु विक्रम चौधरी यांनी अमेरिकेत २६ आसनांच्या क्रमावरच स्वामित्वहक्क सांगितला आणि इतर शिक्षकांना न्यायालयात खेचले, तेव्हा ती मजुरी राहिली नाही. सामायिक ठेव्यावर कुंपण घालून वसूल केलेला तो खंड होता. भारत सरकारने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारला तो अशाच दाव्यांना आळा घालण्यासाठी. २०१५ साली त्याच नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने आसनांचा क्रम ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही, असे ठरवले.

महाराष्ट्राच्या श्रमिक जनतेला या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी तमाशाचा, पोवाड्याचा लोकांचा ठेवा घेतला, त्यात नवा आशय भरला आणि तो पुन्हा लोकांनाच परत केला. त्यावर कुंपण घालण्याचा विचारही त्यांना शिवला नाही. अण्णाभाऊंच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण ते स्वतः १९६९ साली हलाखीतच गेले. ‘कलेसाठी कला, मोबदला कसला?’ असे म्हणणाऱ्यांनी हे स्मरणात ठेवावे. ठेवा सर्वांचा असावा, परंतु त्यावर राबणाऱ्याने उपाशी राहावे, हा त्याचा अर्थ नव्हे.

तेव्हा मॉडकर्त्याने पैसे घ्यावेत की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. पैसे कोणाकडून घ्यावेत आणि कोणत्या अटींवर, हा खरा प्रश्न होय. प्रत्येक मॉडकर्त्याला छोटा दुकानदार बनवून आपल्याच सोबत्यांच्या खिशात हात घालायला लावणे, हा कंपन्यांच्या सोयीचा मार्ग आहे. बेथेस्डाने २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये अशीच दुकाने मांडली. मोबदल्याचा बोजा पडला पाहिजे तो या श्रमावर नफा कमावणाऱ्या कंपनीवर.

हे अशक्य नाही. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराचा व संगीतकाराचा मानधनातील समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, असे तिने ठरवले. उपाशी माणसाची सही म्हणजे त्याची संमती नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. तेच मॉडकर्त्यांना लागू व्हावयास हवे. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्याने कंपन्यांवर प्रत्येक व्यवहारात कामगाराच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के कल्याण-शुल्क बसवले असून, त्याच्या परिशिष्टात आशय व माध्यम सेवांचाही समावेश आहे. त्या तरतुदीत मॉडकर्त्यांचे स्थान कोणते, हे कर्नाटकातील माहिती-तंत्रज्ञान कामगारांच्या संघटनांनी सरकारला स्पष्ट करावयास लावले पाहिजे.

कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे १९३३ साली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला आणि सहा वर्षे तो संप टिकवला. २०१५ मधील विजय चार दिवसांत मिळाला खरा, परंतु त्यामागे संघटना नव्हती. म्हणूनच आठ वर्षांनी मालक तेच दुकान नव्या पाटीखाली पुन्हा उघडू शकले. पडद्यापुढे एकेकटे बसून राबणारे हे तरुण कामगारच आहेत. त्यांना तसे वागवणे, आणि संघटित व्हावयास मदत करणे, हे चळवळीचे आजचे काम आहे.