येशूचं देवत्व मतं मोजून ठरलं?

‘कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२५ मध्ये नायसियाला बिशपांची सभा भरवली आणि मतं मोजून येशूला देव करून टाकलं.’ डोंबिवलीच्या कट्ट्यांवर, ठाणे लोकलमध्ये हे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात.

यातलं खरं आधी मान्य करू. सभा बादशहानेच बोलावली होती. सभेने ज्याचं मत फेटाळलं त्या एरियस या पाद्र्याला हद्दपारही त्यानेच केलं. पण ‘येशू माणूस की देव’ असा तो वादच नव्हता. एरियसही पुत्राला साऱ्या सृष्टीच्या वरच मानत होता. पुत्र पित्यासारखाच अनादी आहे का, हा खरा प्रश्न. आणि त्याच्या दोनशे वर्षं आधीच प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने ट्राजन बादशहाला कळवलं होतं की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. राजाज्ञेवर सिद्धान्त ठरत असते, तर पुढे एरियसचा पक्षच टिकला असता. कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टंशियस त्या पक्षाला धार्जिणा होता, आणि नायसियाचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला.

ठोस पुरावा मात्र आपल्या कल्याणचा. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की ‘कल्लियाना’ला इराणहून नेमलेला बिशप असतो. हे गाव म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इराणात रोमच्या बादशहाचा हुकूम चालायचा नाही. तिथलं साम्राज्य तर रोमचं जुनं प्रतिस्पर्धी. तरीही तिथल्या चर्चने ४१० मध्ये नायसियाचा निर्णय स्वीकारला, आणि कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला पाखंडी ठरवणारी ४३१ ची इफिससची सभा मात्र मानली नाही. हे कुठल्या बादशहाच्या धाकाने?

नेस्टोरियस विचारत होता, देव जन्मतो, भुकेने कळवळतो, मरतो, असं म्हणायचं कसं? त्याचा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल, याचा उलट सवाल: मग क्रुसावर मेला तो नुसता माणूसच ना? तसं असेल तर तारण कसलं? ४५१ मध्ये खाल्सिदोनच्या सभेने सांगितलं, व्यक्ती एक, स्वभाव दोन. सरमिसळ नाही, फारकतही नाही. इजिप्तमधल्या बहुसंख्यांनी तेही धुडकावलं. ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिताना रामानुज आणि मध्व यांनी शंकरांची मतं खोडली, त्याला आपण दर्शन म्हणतो. मग हेच कारस्थान कसं?

१३२१ मध्ये ठाण्याला आलेले चार फ्रान्सिस्कन साधू उतरले, ते एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच इराणी ‘पूर्वेच्या चर्च’च्या, घरी. तिथे अशी पंधरा घरं होती, सगळी पाखंड्यांची, असं ही हकीकत नोंदवणारा फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक नाक मुरडून लिहितो. आसरा दिला तो याच पाखंड्यांनी. पुढे काजीसमोर येशू केवळ माणूस की देवही, यावर वाद रंगला आणि अखेर चौघेही मारले गेले. ज्यांना ओडोरिक पाखंडी म्हणाला, त्यांच्याच पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये, ख्रिस्ताबद्दलची आपली श्रद्धा एकच आहे, अशा निवेदनावर सह्या केल्या. मतमोजणीवाल्यांनी या सह्यांचा हिशेबही एकदा लावून दाखवावा.