नर्सरी निवडताना: लेकराचं बोलणं तिथे कुणाला कळतं?

मृग बहाराची संत्री बाजारात येऊ लागली की आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे दुसराही एक हंगाम सुरू होतो, तो म्हणजे अ‍ॅडमिशनचा. चौकाचौकात फलक लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पत्रकं फिरतात आणि ज्यांच्या घरी अडीच-तीन वर्षांचं लेकरू आहे त्यांना जो भेटेल तो एकच विचारतो, "मग, कुठं टाकता पोरीला?"

यंदा हा प्रश्न आमच्या घरी आहे. माझं माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं आणि नोकरी बोरगावला. लेकीला नुकतंच चौथं वर्ष लागलं. दिवसभर ती आजी-आजोबांजवळ असते, त्यामुळे तिची भाषा म्हणजे आजीची भाषा. "मले", "तुले", "कवा येशीन", "दुखून रायलं", हे सगळं अस्सल आपल्याकडचं. हिंदी तिला कळते, गल्लीतल्या पोरांमुळे थोडी बोलतेही, पण रडू आलं की मराठीच निघते. शाळा शोधायला निघालो तेव्हा यादी सगळ्यांचीच असते तशी होती. इमारत कशी, फी किती, व्हॅन घरापर्यंत येते का, कॅमेरे आहेत का. हे सगळं बघायलाच हवं. पण आता त्या यादीत सर्वांत वर मी एक वेगळा प्रश्न लिहिला आहे. माझ्या पोरीला काही झालं आणि तिने ते आपल्या शब्दांत सांगितलं, तर तिथे ते कुणाला कळेल का?

हा प्रश्न मला सुचला तो पांढुर्ण्याच्या माझ्या एका मैत्रिणीमुळे. तिचा मुलगा नवा नवा नर्सरीत जायला लागला होता. एका दुपारी तो बाईंना रडत रडत सांगत होता, "मले चावलं, मले चावलं." बाई बाहेरगावच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी ऐकलं "चावल". त्यांना वाटलं, पोराला भात पाहिजे. त्यांनी प्रेमाने डबा उघडून समोर ठेवला. पोरगा आणखी रडला, मग थकून गप्प बसला. संध्याकाळी घरी कपडे काढताना दिसलं की पाठीवर आणि कमरेला लाल मुंग्या चावल्याचे चट्टे उठले आहेत. बाईंचा काही दोष नव्हता. दुर्लक्षही त्यांनी केलं नव्हतं. पण तीन वर्षांच्या पोराने आपल्याकडचा एकुलता एक शब्द वापरला आणि त्याचा अर्थ दुसराच निघाला.

आपण मोठी माणसं हिंदी आणि मराठी अशी काही बेमालूम मिसळून बोलतो की दोन्हींत अंतर आहे हेच विसरतो. लेकरासाठी ते अंतर मोठं असतं. झोप, भेव, टोचते, सांडलं, खाज सुटली, हे शब्द एकदा म्हणून बघा. जबलपूर-रेवाकडून आलेल्या बाईंना यातले किती कळतील? आणि नेमके हेच शब्द या वयात कामाचे असतात. कविता आणि रंगांची नावं कुठल्याही भाषेत पाठ होतात. दुखतंय, भीती वाटते, शू लागली, हे मात्र पहिल्यांदा आपल्याच भाषेत तोंडातून येतं. ते सांगता आलं नाही तर काही मुलं रडतात, काही चड्डी ओली करतात, आणि काही शाळेत पाणीच पीत नाहीत, म्हणजे शूला जायची वेळ येत नाही. या तिसऱ्या मुलांना आपण "किती शहाणं, अजिबात त्रास देत नाही" म्हणतो.

आपल्या भागाची ही अडचण जुनी आहे. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावर आपण हिंदी राज्यात, आणि घरात बोली नागपूरकडची. माझे सासरे मराठी शाळेत शिकले, मी हिंदी शाळेत, आणि लेकीपुढे आता इंग्रजीचे फलक. तीन पिढ्यांच्या तीन शाळा, पण घरातली भाषा एकच राहिली आहे.

एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं, "घरी मराठी बंद करा, हिंदी आणि इंग्लिश बोला, म्हणजे बच्ची लवकर सेट होईल." यांनी मान डोलावली, मीही काही बोलले नाही. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्या रात्री नातीला झोपवताना त्यांनी चिमणी-कावळ्याची गोष्ट हिंदीत सुरू केली. कावळ्याचं घर वाहून जाईपर्यंत कशीबशी आली आणि पुढे अडली. पोरगी म्हणाली, "आजी, नीट सांग ना." सासूबाई म्हणाल्या, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्या नातीशी कमी बोलल्या, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. तेव्हा यांनीच त्यांना सांगितलं, "आई, तू बोलत होतीस तसंच बोल. शाळेचं आम्ही पाहू." दिवसभर जी व्यक्ती लेकराला सांभाळते तिचीच बोलती बंद करून लेकराची भाषा कशी वाढेल? ज्या शाळेला आजीची अडचण वाटते, ती शाळा आम्ही यादीतून काढली.

हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. त्याच धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे. त्यातली पहिली तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाडीची, पुढची दोन पहिली-दुसरीची. म्हणजे पहिलीत जायचं ते सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी लिहून घेण्याची कुणालाही घाई नाही. ती घाई आपल्याला आणि शाळेच्या जाहिरातीला असते.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीशिवाय पुढे कसं होणार? इंग्रजी हवीच, मलाही हवी आहे. लहान मुलं दोन-तीन भाषा सहज उचलतात. हिंदी तर आपल्या मुलांना गल्ली आणि टीव्ही फुकट शिकवतात. पण नवी भाषा जुन्या भाषेच्या शेजारी येऊन बसते. जुनीला उठवून तिच्या जागी बसवली की लेकरू काही दिवस दोन्हीकडून मुकं होतं. म्हणून माझं म्हणणं इतकंच की शाळा इंग्रजी असो की हिंदी, वर्गात एक तरी माणूस असं असावं ज्याला पोरीचं "मले भेव लागते" समजेल.

असं माणूस कसं ओळखायचं? जाहिरातीत ते दिसत नाही. शाळा सुरू असताना जा आणि अर्धा तास बसू द्या म्हणून विनंती करा. बाई मुलांशी बोलताना खाली बसतात का, मूल काही बोललं तर ऐकून घेतात की वाक्य दुरुस्त करतात, हे बघा. शाळेतल्या मावशींकडे विशेष लक्ष द्या. पुष्कळदा त्या जवळच्याच गावच्या असतात आणि रडणारं मूल त्यांच्याच कडेवर असतं. बाईंना मराठी येत नसेल पण मावशी दिवसभर वर्गात असतील, तर निम्मा प्रश्न सुटला. मावशी फक्त झाडण्यापुरत्या येत असतील, तर नाही सुटला. मुलांची संख्याही मोजा. 2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन धोरणात तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या खालच्या 10 मुलांमागे एक, असं प्रमाण दिलं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या बाईंना मराठी येत असली तरी कुणाकुणाचं ऐकणार?

संडास स्वतः जाऊन बघा, लेकराला एकट्याने वापरता येईल असा आहे का. व्हॅनमध्ये किती मुलं बसतात आणि पोरगी किती वेळ त्यात राहणार, तेही विचारा. आपल्याकडे सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. एप्रिलच्या उन्हात गावोगावच्या मुलांना गोळा करत येणारी व्हॅन आणि घरापासून दोन गल्ल्यांवरची साधी शाळा यात निवडायचं असेल, तर मी दुसरीकडे झुकेन.

अंगणवाडीचं नाव काढलं की आपल्यातले पुष्कळ जण नाक मुरडतात. ती गरिबांची, तिथे खिचडीच मिळते, असं म्हणतात. तिचा इतिहास मात्र आपल्या मराठी बायकांनी घडवला आहे. ताराबाई मोडक यांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. वस्तीवरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणशाळाही काढली. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरासाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तीही अंगणवाडीच्याच नावाने घराघरात पोचली. लेकराने शाळेसारखं व्हायचं की शाळेने लेकराजवळ जायचं, याचं उत्तर या दोघींनी केव्हाच देऊन ठेवलं आहे.

आमच्या घराजवळच्या अंगणवाडीत मी दोनदा जाऊन बसले. खेळणी थोडी, जागा लहान. पण ताईंना प्रत्येक मुलाची आई कोण, आजी कोण हे ठाऊक, आणि मुलं त्यांच्याशी घरच्यासारखी बोलत होती. सगळ्याच अंगणवाड्या अशा असतील असं नाही. तरी यादीत नाव घाला आणि स्वतः बघून ठरवा. ज्यांना खाजगी शाळाच हवी पण फी झेपत नाही, त्यांनी शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागा विसरू नयेत. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी त्या असतात, आणि शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथूनच लागू होतात.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द पाळणाघराबद्दल. मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराला भेटून येण्याची मुभा मिळाली. माझ्या ऑफिसात तेवढी माणसं नाहीत, म्हणून मला आजीचाच आधार आहे. तुमच्या कंपनीत असतील तर संकोच न करता विचारा. घरगुती पाळणाघर बघत असाल तर तिथेही हाच प्रश्न विचारा, कारण दोन वर्षांच्या लेकराकडे शब्द आणखी कमी असतात.

आम्ही शेवटी दोन गल्ल्यांवरची लहान शाळा ठरवली आहे. इमारत जुनी, फलक साधा. तिथल्या बाई हिंदीच बोलतात, पण मावशी लोधीखेड्याकडच्या आहेत आणि पूर्ण वेळ वर्गात असतात. आम्ही बसलो होतो तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सांडलं." बाईंनी मावशींकडे पाहिलं, मावशी म्हणाल्या, "गिर गया बोलता." बाईंनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. यांना अजूनही मोठ्या शाळेची हुरहुर आहे. पहिलीत जाताना पुन्हा विचार करू, असं आमचं ठरलं आहे.

शाळा कुठलीही निवडा, पहिल्या दिवशी बाईंच्या हातात एक चिठ्ठी द्या. तुमचं लेकरू शू, शी, पाणी, भूक, झोप, दुखणं, भीती यासाठी जे शब्द वापरतं ते एका बाजूला, त्याचं हिंदी दुसऱ्या बाजूला. आजीला आणि आबाला ते काय म्हणतं तेही लिहा, कारण रडताना ते त्यांचंच नाव घेईल. आमची चिठ्ठी सासूबाईंनी सांगितली आणि मी लिहिली. एकवीस शब्द झाले. "चावलं" सगळ्यात वर आहे.