सहलीचा ॲडव्हान्स म्हणजे संस्थेची कमाई नाही

निसर्ग शिक्षणाची छोटी संस्था काढायची म्हणणारे बरेच जण विचारतात, सोसायटी म्हणून नोंदवू की कलम ८ ची कंपनी? माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला असा, की सहली बंद पडल्या तर तुमची संस्था किती महिने तग धरेल?

कोरोनात हेच झालं. २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. शिबिरांचा सीझन एप्रिल-मे, तो अख्खा गेला. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध. लागोपाठ दोन उन्हाळे! किराणा दुकानं निदान ठरलेल्या वेळेत उघडत तरी होती.

वेळासचं बघा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे समुद्राकाठचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम हाती घेतलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू-जेवू लागले, चार पैसे गावात आले. मॉडेल एक नंबर. पण पिल्लं बाहेर यायचा काळ नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर. २०२० मध्ये पाहुणे थांबले. कासव काही लॉकडाऊन पाळत नाही. किनाऱ्यावर फिरणं, अंडी जपणं, पिल्लं समुद्रात सोडणं, ही कामं असतातच. वर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आलं. दुकानाचं शटर पाडता येतं, असल्या कामाचं नाही.

देणगी मिळेल म्हणाल, तर २८ मार्च २०२० ला सरकारने पीएम केअर्सला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरायचं ठरवलं. कंपन्यांनी तिकडे दिला तर त्यात गैर काही नाही. पण अशा वर्षी पक्षीनिरीक्षणाच्या शिबिराला पैसा कोण देणार?

आता मुद्द्यावर येतो. समजा ४० मुलांकडून प्रत्येकी २,५०० रुपये घेतले. झाले एक लाख. त्यातले ३० हजार बसवाल्याला, २० हजार दुर्बिणींना गेले. शिबिर रद्द झालं. पालक पैसे मागणारच, त्यांचा हक्क आहे. मग ५० हजार कुठून आणाल? माझ्या भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या भांड्यांचा विसार आला, की माल हाती देईपर्यंत तो गिऱ्हाईकाचाच. शिबिराचे पैसेही तसेच वेगळ्या खात्यात ठेवा, आणि बसवाल्याकडून रद्द झाल्यास किती परत देणार ते आधीच लिहून घ्या. "आमची सेवा आहे, धंदा नाही" हे मला पटत नाही. पैसे बुडाले तर पालक सेवा बघत नाहीत, अन् ते बरोबरच आहे.

दुसरं, जवळचा कार्यक्रम हवाच. जिल्ह्याबाहेर जायला राज्यात २ सप्टेंबर २०२० पर्यंत ई-पास लागायचा. सगळं ताडोब्यावर अवलंबून ठेवलं तर तेवढे दिवस हात बांधलेले. आपल्या बाभुळगाव तालुक्यात बेंबळा धरण आहे. तिथे जायला ऑटोचं भाडं पुरतं. फी कमी मिळेल, हे खरं. म्हणूनच एकेका मुलामागे न लागता शाळेशी वर्षाचं बोला.

नोंदणीवर पुढचा व्हिडिओ करतोय. तोवर ज्यांनी या सीझनचे पैसे घेतलेत, त्यांनी पासबुक काढून बघा, तेवढी रक्कम आज खात्यात आहे का.