आठ मुलांच्या वर्गाची टक्केवारी

‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी एकाच दिवशी देशभरातील ७४ हजारांहून अधिक शाळांत तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे २१ लाख विद्यार्थ्यांची ही चाचणी झाली होती. तिसरीच्या शंभरांपैकी ५५ मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीत मूलभूत अंकक्रिया आणि दहापर्यंतचे पाढे यांवर पकड असलेली मुले ५३ टक्के निघाली. राष्ट्रीय पातळीवरचे हे आकडे गंभीर आहेत आणि ते झटकून टाकण्याचे काही कारण नाही.

गावातील पालकाला मात्र देशाच्या आकड्याशी फारसे कर्तव्य नसते. ‘आमच्या शाळेचे किती?’ हा त्याचा प्रश्न असतो. या सर्वेक्षणाकडे त्याचे उत्तर नाही, कारण त्याची रचना जिल्हा आणि राज्य यांचे चित्र काढण्यासाठी आहे. तरीही उत्तर कुठून तरी तयार होतेच. शाळेच्या घटक चाचण्या, सत्र परीक्षा, वेळोवेळी येणाऱ्या प्रश्नपत्रिका यांतून एक टक्केवारी निघते, ती तक्त्यात भरली जाते आणि शाळेला चिकटते. गोव्याच्या संदर्भात धोका इथून सुरू होतो, कारण आपल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा फार लहान आहेत.

सत्तरी, सांगे, काणकोण किंवा पेडणे तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणावी. पहिली ते चौथीचे वर्ग एका-दोन खोल्यांत, शिकवायला एक किंवा दोन शिक्षिका, आणि तिसरीत आठ मुले. या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. गेल्या वर्षी आठांपैकी पाच जणांना वजाबाकी आली, यंदा तिघांना आली, तर तक्ता सांगेल की शाळा साडेबासष्टवरून साडेसदतीसवर घसरली. पंचवीस टक्क्यांची घसरण! प्रत्यक्षात फरक आहे तो दोन मुलांचा. त्यांतील एक तापाने पंधरा दिवस घरी असेल, दुसरे जूनमध्ये परराज्यातून आले असेल. शिक्षिका तीच, फळा तोच, शिकवण्याची रीतही तीच.

हे केवळ सबब सांगणे नव्हे, साधे गणित आहे. नाणे आठ वेळा उडवले तर दर वेळी चार छाप आणि चार काटे पडत नाहीत. असे आठ-आठ फेकींचे डाव मांडत गेलो तर दहांपैकी जवळपास तीन डावांत एकच बाजू सहा किंवा अधिक वेळा पडते. त्यावरून नाणे खोटे ठरत नाही. अमेरिकेतील थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली नॉर्थ कॅरोलायनातील प्राथमिक शाळांच्या गुणांवरून हेच दाखवले होते. बक्षिसांच्या यादीत लहान शाळा प्रमाणाबाहेर दिसत आणि तळाच्या यादीतही त्याच प्रमाणाबाहेर दिसत. मोठ्या शाळेत मुलांची संख्याच असे चढउतार पोटात घेते. लहान शाळेला ती सोय नसते.

गुण नेमके कशाचे मोजले जातात, हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या शाळेत येणारे बहुतेक मूल घरी कोकणी बोलते. आता त्याच बाकावर कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या कामगार कुटुंबांतील मुलेही बसतात. गणिताच्या प्रश्नात ‘उरले’ हा शब्द असेल तर कोकणी घरातील मूल लगेच बोटे मोजू लागते. तिथे ‘शिल्लक’ लिहिले की ते थबकते. कन्नड घरातील मुलाला दोन्ही शब्द शाळेतच भेटलेले असतात. उत्तर चुकले की तक्त्यात नोंद होते ती गणितात कच्चे असल्याची. माध्यमाच्या प्रश्नावर या राज्याने चाळीस वर्षे रण माजवले. प्रश्नपत्रिकेतील एका शब्दाने मुलाचे काय होते, याची चर्चा त्यात क्वचितच ऐकू आली.

गुणांवर शाळेचे भवितव्य टांगले की आणखी एक गोष्ट घडते. मध्य प्रदेशात ‘प्रतिभा पर्व’ नावाने प्राथमिक आणि माध्यमिकपूर्व शाळांची राज्यव्यापी चाचणी होत असे. अर्थतज्ज्ञ अभिजित सिंह यांच्या अभ्यासात स्वतंत्र निरीक्षकांसमोर मुलांची पुन्हा चाचणी घेण्यात आली, तेव्हा अधिकृत निकाल बरेच फुगलेले असल्याचे आढळले. अमेरिकेत अटलांटा शहरात याहून वाईट झाले. २००९ च्या चाचणीत शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुका खोडून दुरुस्त केल्याचे २०११ च्या चौकशीत उघड झाले. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांवर त्यात ठपका होता आणि प्रकरण फौजदारी न्यायालयापर्यंत गेले. मुलांचे नुकसान मात्र कोणत्याच निकालपत्रात आले नाही, कारण कागदावर ती उत्तीर्ण होती आणि उत्तीर्ण मुलाला जादा मदत कोण देणार?

म्हणून चाचण्या नकोत, असे म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. लहान शाळेच्या आडोशाला लपणारे दुर्लक्षही आपण पाहिले आहे. चौथीतून बाहेर पडणारे मूल पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जाते आणि तिथले शिक्षक ‘खालून कच्चे आले’ म्हणून हात झटकतात. परंतु आठ मुलांच्या शाळेत टक्केवारी काढायचीच कशाला? आठ मुलांची आठ नावे आहेत. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात तिसरीच्या प्रत्येक निवडलेल्या मुलाला समोर बसवून वाचायला लावले आणि मोजायला लावले होते. तसे वर्षातून तीनदा आपल्या शाळांत करायला एका शिक्षिकेला दोन दिवस पुरतात. अट एवढीच की ते दोन दिवस तिला मतदार याद्यांच्या वा अन्य सरकारी कामावर पाठवू नये. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाभेटीत टक्क्यांऐवजी ‘वाचता न येणारे मूल कोणते आणि त्याच्यासाठी काय केले’ एवढेच विचारावे. शाळेचा आकडा हवाच असेल, तर तीन वर्षांची आणि शेजारच्या पाच-सहा शाळांची मुले एकत्र धरून काढावा. तेव्हा त्यावर थोडाफार विसंबता येईल.

कमी पटाच्या शाळांचे विलीनीकरण हा विषय राज्यात वारंवार डोके वर काढतो. पट हे कारण निदान उघड असते, त्यावर वाद घालता येतो. त्याला ‘गुणवत्ता घसरली’ अशी टक्केवारीची जोड मिळाली की बोलणेच खुंटते. गावातील आई सकाळी रस्त्यावर उभी असते. अनुदानित शाळेचा बालरथ समोर येऊन थांबतो आणि सरकारी शाळेच्या घसरणीची बातमी तिच्या कानावर आलेली असते. ती मुलीला बालरथात बसवते. पुढच्या वर्षी तिसरीत सात मुले उरतात आणि एकेका मुलाचे वजन सव्वाचौदा टक्के होते.