कापसाची पेढी आणि रुपयाचा दर

मुंबईचे बडे कापूसव्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास (१८७९-१९६१) पेढीवरून कायदेमंडळात गेले. १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा दर १८ पेन्स ठरविला, तेव्हा १६ पेन्सचा आग्रह धरणारी भिन्नमतपत्रिका त्यांनी एकट्यानेच जोडली. हिशेब साधा होता. विलायतेत एका पौंडाला विकलेल्या कापसाचे १६ पेन्सच्या दराने १५ रुपये येत. १८ पेन्सच्या दराने सुमारे १३ रुपये ५ आणेच. १९२७ साली सरकारने १८ पेन्सचा कायदा केला. ही तूट अखेर चाळीसगावसारख्या पेठांत कापूस आणणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याच्याच माथी बसणार होती. सावकाराचे देणे मात्र तेवढेच राहणार होते.

या प्रश्नावर व्यापारी आणि शेतकरी यांचे हित जुळले, एवढेच. अडत, माप आणि भाव यांबाबत ते जुळणारे नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. ती मागणी गिरणीमालकांची होती. पेढीचा प्रतिनिधी कितीही कर्तबगार असो, तो शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो तो हित जुळेल तेथवरच. त्यापुढचे बोलण्यासाठी शेतकऱ्याची स्वतःची संघटना हवी. ती गावोगाव बांधणे हेच कार्यकर्त्यांचे काम आहे.