भांडवल आणि अखत्यार

गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे आला, तो दिवस आपण कलेच्या इतिहासातील मंगलारंभ मानतो आणि ते यथार्थच आहे. परंतु परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांतून भांडवलाच्या शोधात असलेल्या स्टार्टअपच्या तरुण संस्थापकांनी तो चित्रपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचे चरित्र उद्योजकाचे चरित्र म्हणूनही वाचावे, असे मला मनापासून वाटते.

विलायतेस जाण्यासाठी फाळक्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिस्या तारण ठेवल्या. १९१२ साली परतल्यावर धनिकांपुढे आश्वासनांची रास न मांडता, वाटाण्याच्या बीजातून रोप कसे वाढते हे त्यांनी क्रमाक्रमाने टिपले आणि तो छोटासा चित्रपट त्यांना दाखवला. तो पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देऊ केले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. आधी घरचे द्रव्य, मग प्रत्यक्ष कृती आणि त्यानंतर ती पारखणारा जाणकार धनिक, हा क्रम आजच्या एंजल गुंतवणुकीतही बदललेला नाही. भेद एवढाच की नाडकर्ण्यांचे होते ते कर्ज, आणि आजचा गुंतवणूकदार मागतो तो मालकीतला हिस्सा.

या भेदाचे मोल फाळक्यांना पुढे कळले. १९१८ साली धनिक भागीदारांसह नाशिकला ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ स्थापन झाली, आणि ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्याच्याच कारभारावरून मतभेद विकोपाला जाऊन पुढच्याच वर्षी ते काशीला निघून गेले. पुढे ते कंपनीत परतले, तरी तो तुटलेला काळ भरून निघाला नाही. यात भागीदारांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही, कारण पैसा घालणाऱ्याने खर्चाचा हिशेब मागणे न्याय्यच असते. प्रश्न एवढाच असतो की अंतिम अखत्यार कोणाचा, आणि तो पैसा घेण्यापूर्वीच ठरवावा लागतो.

एक कोटी रुपये घेऊन वीस टक्के हिस्सा देणारा संस्थापक आपल्या कंपनीचे मोल पाच कोटी ठरल्याच्या आनंदात असतो. परंतु कंपनी विकली गेल्यास प्रथम कोणाची रक्कम परत जाईल, संचालक मंडळात बहुमत कोणाचे राहील, कोणता निर्णय गुंतवणूकदाराच्या संमतीवाचून घेता येणार नाही आणि संस्थापकाचे स्वतःचे शेअर किती वर्षांच्या मुदतीने त्याच्या हक्काचे होतील, ही कलमे त्या आकड्याहून अधिक निर्णायक असतात. व्हेंचर कॅपिटल फंडही परक्यांचाच पैसा सांभाळतो आणि तो त्याला ठरावीक मुदतीत परत करावयाचा असतो; बहुतेक गुंतवणुकी बुडणार हे गृहीत धरून मोजक्या कंपन्यांच्या अफाट वाढीवर त्याची सारी भिस्त असते, म्हणून संथ पण टिकाऊ धंद्याला हा पैसा मानवतोच असे नाही.

सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात एंजल कर रद्द करून एक अडथळा दूर केला, हे स्वागतार्ह आहे. आता आपल्या व्यापारी संघांनी, महाविद्यालयांनी आणि अनुभवी वकिलांनी नव्या उद्योजकांना करारनामा वाचावयास शिकवण्याची जबाबदारी उचलली पाहिजे. आणि वृत्तपत्रांनीही भांडवल मिळाल्याची वार्ता यशाची वार्ता म्हणून छापणे थांबवावे. भांडवल मिळणे म्हणजे दायित्व स्वीकारणे होय, आणि आपण कशाची कबुली दिली आहे हे ज्याला पूर्णपणे कळते त्यानेच त्या दस्तऐवजावर सही करावी.